हजेरीपट म्हणजे ओळख नव्हे

हजेरी घेताना शिक्षकाने मान वर केली नाही की काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 'सत्तावीस?' 'हजर, सर!' आवाज येतो शेवटच्या बाकावरून. सत्ताविसावा मुलगा त्या वेळी मैदानाच्या कडेला चिंचा पाडत असतो. पटावर खूण होते. ती इतर खुणांसारखीच दिसते आणि वर्षाच्या शेवटी टक्केवारी तिच्यावरूनच निघते. पट खोटे बोललेला नसतो. सत्तावीस हा आकडा पुकारल्यावर कोणीतरी 'हजर' म्हणाले, एवढेच त्याचे म्हणणे असते. त्या आकड्यामागे कोण होते, हे त्याला कधीच ठाऊक नव्हते.

या लेखात आम्ही अशाच एका पटाचे परीक्षण करणार आहोत. शाळेच्या व्हरांड्यात, छताजवळ, वायफायची पांढरी डबी बसवलेली असते. तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तिच्या सेटिंगमध्ये 'ट्रस्टेड डिव्हाइसेस', म्हणजे 'विश्वासू उपकरणे', असे एक पान सापडते. काही डब्यांत त्याचे नाव 'मॅक फिल्टर' असते, काहींत 'परवानगी यादी'. त्याच सेटिंगमध्ये थोडे पुढे गेले की 'व्हीलॅन' किंवा 'पाहुण्यांचे जाळे' असे आणखी एक पान येते. शाळांत पहिले पान उत्साहाने भरलेले आणि दुसरे कोरे, असे चित्र आम्हाला अनेकदा दिसले. आमचे म्हणणे असे की, या दोन पानांचे खरे मोल नेमके उलटे आहे. आणि ही गोष्ट केवळ तांत्रिक नाही, कारण पहिल्या पानावर विसंबून माणसांवर ठपके ठेवले जातात.

एका शाळेतील प्रसंग

ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो आधी सांगतो. एका माध्यमिक शाळेत वायफायचा पासवर्ड एकच होता आणि दोन महिन्यांत तो नववी-दहावीच्या मुलांपर्यंत पोहोचला. पासवर्ड बदलला, तोही पोहोचला. मग डबी बसवणाऱ्या माणसाने 'विश्वासू उपकरणां'ची यादी सुरू करून दिली. शिक्षकांचे फोन, कार्यालयातील संगणक, छपाईयंत्र असे सगळे त्या यादीत घातले. यादीबाहेरच्या उपकरणाला, पासवर्ड बरोबर दिला तरी, प्रवेश नाही. शाळेला हायसे वाटले.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात इंटरनेट फार मंद झाले. मुख्याध्यापकांनी डबीतील नोंदवही उघडली. दोन दिवस, ऐन शाळेच्या वेळात, एका फोनवरून प्रचंड प्रमाणात काहीतरी उतरवून घेतलेले दिसले. यादीत तो फोन एका शिक्षिकेच्या नावावर होता. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. बाईंनी खुलाशासोबत दुरुस्तीच्या दुकानाची पावती जोडली. त्या दोन्ही दिवशी त्यांचा फोन फुटलेली काच बदलण्यासाठी तालुक्याच्या गावी होता. प्रकरण तेथेच मिटले.

पण पावती नसती तर? फोन त्या दिवशी रोजच्यासारखा पर्समध्ये असता, तर बाईंनी काय पुरावा दिला असता? आम्हाला हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. यादीने चोर पकडला नाही ही तिची लहान चूक होय. तिने एका निरपराध व्यक्तीचे नाव पुढे केले आणि सर्वांना ते खरे वाटले, ही मोठी चूक. म्हणून ही यादी नेमके काय तपासते, ते पाहू.

पाकिटावरचा पत्ता

वायफाय वापरणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. हा क्रमांक ४८ बिटांचा असतो आणि षोडशमान पद्धतीने १२ चिन्हांत लिहितात. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक बसतात. क्रमांकाचा पहिला भाग उत्पादक कंपनीला 'आय ट्रिपल ई' या अभियंत्यांच्या संस्थेकडून मिळतो. उरलेला भाग कंपनी आपल्या यंत्रांना ओळीने देते. दोन यंत्रांचे पत्ते एकसारखे होऊ नयेत, म्हणजे एकाचा संदेश दुसऱ्याला जाऊ नये, एवढाच या व्यवस्थेचा हेतू होता. मालक कोण, तो भला की बुरा, हे सांगण्यासाठी ती निर्माण झालेली नाही.

या पत्त्याची एक अडचण अशी की तो झाकता येत नाही. हवेतून येणारे प्रत्येक पाकीट आवाक्यातल्या सर्व यंत्रांच्या कानी पडते. पाकीट आपल्यासाठी आहे की नाही, हे ते उघडण्यापूर्वीच यंत्राला ठरवावे लागते. शिवाय पाकीट मिळाल्याची पोच लगेच द्यावी लागते, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्यासाठी पाकिटानंतर जेमतेम १० मायक्रोसेकंदांचा अवकाश असतो. एवढ्यात कुलूप उघडून आतला पत्ता वाचणे शक्य नाही. म्हणून वायफायच्या मानकाने पाकिटातला मजकूर सांकेतिक रूपात झाकला, पण वरचा पत्ता उघडा ठेवला. पत्र बंद असते, पत्ता पोस्टमनला वाचता येतो, तसेच हे.

याचा अर्थ, शाळेच्या आवारात बसून ऐकणाऱ्या कोणत्याही संगणकाला यादीतल्या उपकरणांचे पत्ते आपोआप कळतात. आणि संगणकाने स्वतःचा पत्ता कोणता सांगायचा, हे त्याच्या सेटिंगमधून बदलता येते. त्यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाने 'हजर' म्हणावे, इतकेच ते सोपे आहे. पासवर्ड आधीच सर्वांना ठाऊक होता. बाईंचा फोन शाळेत नव्हता, त्यामुळे त्यांचा क्रमांक दोन दिवस मोकळा होता. कोणी तो वापरला, हे अखेरपर्यंत कळले नाही. नोंदवहीवरून ते कळणारही नव्हते, कारण तो वापरणाऱ्याविषयी तिच्यात एक अक्षरही नव्हते.

१८८३ साली ऑग्यूस्त केरखॉफ्स यांनी सैनिकी संकेतलेखनावरील आपल्या निबंधात एक तत्त्व मांडले. संकेतपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, असे ते तत्त्व. या कसोटीवर 'विश्वासू उपकरणां'ची यादी घासून पाहा. तिच्यात गुप्त असे काय आहे? पद्धत सर्वांना ठाऊक आहे, आणि जिला ही यादी किल्ली समजते ती मॅक पत्त्याची चिठ्ठी हवेत दर सेकंदाला मोठ्याने वाचली जाते. ज्या कुलपाची किल्ली कुलपाशेजारीच टांगलेली आहे, त्याला आपण कुलूप म्हणत नाही.

हे आमचेच मत आहे असे नाही. ॲपल कंपनीने राउटर कसा लावावा याविषयी प्रसिद्ध केलेल्या सूचनांतही मॅक पत्त्यांची गाळणी बंद ठेवावी आणि सुरक्षिततेसाठी तिच्यावर विसंबू नये, असा सल्ला आहे. तरीही ते पान डब्यांत राहतेच, आणि त्याला 'विश्वासू' असे वजनदार नाव मिळते.

फोनच नाव बदलू लागले

यादीची दुसरी अडचण गेल्या काही वर्षांत निर्माण झाली. कायमचा आणि उघडा क्रमांक म्हणजे माणसाचा माग काढण्याची सोय. आज या दुकानात, उद्या त्या स्थानकावर, असा फोनचा प्रवास कोणालाही नोंदवता येऊ लागला. म्हणून फोन बनवणाऱ्यांनी क्रमांक बदलता ठेवायला सुरुवात केली. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० सालच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्यावर स्वतः तयार केलेला वेगळा क्रमांक सांगतो. जाळ्याचे नाव बदलले, फोन पुसून नव्याने सुरू केला, किंवा काही फोनांत ठराविक काळ लोटला, की तो क्रमांकही बदलतो.

परिणाम असा की, प्रामाणिक शिक्षकाचा फोन अचानक 'अनोळखी' ठरतो आणि दुसऱ्याचा क्रमांक मुद्दाम धारण करणारा 'विश्वासू' ठरतो. आमच्या प्रसंगातील शाळेत डबी बसवणाऱ्याने यावर तोडगा म्हणून सर्व शिक्षकांच्या फोनमधील ही सोय त्या जाळ्यापुरती बंद करवली होती. म्हणजे यादी टिकावी म्हणून शिक्षकांनी आपले एक संरक्षण काढून ठेवले! पायाला बूट लागत नाही म्हणून पाय कापण्याचाच हा प्रकार.

वर्गात करून पाहण्याजोगा एक लहानसा प्रयोग येथे सुचवतो. फोनच्या सेटिंगमध्ये, शाळेच्या वायफायच्या तपशिलात, मॅक पत्ता पाहा. डावीकडून दुसरे चिन्ह वाचा. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो क्रमांक फोनने स्वतः रचलेला आहे. ०, ४, ८ किंवा सी असेल, तर बहुधा तो कारखान्यातून आलेला आहे. कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. या आठ चिन्हांची द्विमान रूपे लिहिली, २ म्हणजे ००१०, ६ म्हणजे ०११०, ए म्हणजे १०१०, ई म्हणजे १११०, की उजवीकडून दुसऱ्या स्थानी चारही ठिकाणी १ आहे हे दिसते. दुसऱ्या गटात तेथे ० आहे. 'हा क्रमांक कारखान्यातला नाही, स्थानिक पातळीवर ठरवलेला आहे' हे सांगण्यासाठी मानकाने ती एक बिट राखून ठेवली आहे. षोडशमान संख्या शिकवताना याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

कुलूप कोणते?

मग खरे कुलूप कोणते? वायफायच्या १९९७ च्या पहिल्या मानकात 'वेप' नावाची पद्धत होती. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी तिच्यातील मूलभूत दोष दाखवला. २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए', २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए २' आणि २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए ३' अशा सुधारणा आल्या. जुने कुलूप तसेच ठेवण्याची किंमत अमेरिकेतील 'टीजेएक्स' या दुकानांच्या कंपनीने मोजली. २००५ पासून तिच्या जाळ्यात शिरकाव झाला होता, तो २००७ च्या जानेवारीत जाहीर झाला आणि किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक चोरीला गेल्याचे समोर आले. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी त्याच वर्षीच्या अहवालात, कंपनी 'वेप' सोडून नव्या पद्धतीकडे वेळेवर वळली नाही, असा ठपका ठेवला.

डब्ल्यूपीए २ आणि ३ ही कुलपे चांगली आहेत. पण शाळेत सर्वांना एकच पासवर्ड दिला, तर चांगल्या कुलपाच्या शंभर किल्ल्या गावभर झाल्या. बदली झालेला शिक्षक, शाळा सोडलेला विद्यार्थी, छपाईयंत्र दुरुस्त करून गेलेला कारागीर, सगळ्यांच्या खिशात ती आहे. एकाची किल्ली काढून घ्यायची तर सर्वांचीच बदलावी लागते. यादी सुरू होण्याचे मूळ कारण हेच असते. रोग एकच किल्ली असण्याचा, आणि औषध मात्र हजेरीपटाचे.

यावरचा सरळ उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळी किल्ली. '८०२.१एक्स' या मानकाने ते साधते: प्रत्येक व्यक्ती आपले नाव आणि आपला पासवर्ड देते, आणि एक तपासणारा संगणक तो पडताळतो. विद्यापीठांत चालणारी 'एड्युरोम' ही व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. २००२ मध्ये युरोपात तिची सुरुवात झाली. एका विद्यापीठाचा माणूस दुसऱ्या विद्यापीठात गेला तरी त्याची ओळख त्याची मूळ संस्थाच पटवते. भारतात ती 'अर्नेट'मार्फत चालते. तेथे फोनचा क्रमांक काय आहे याला महत्त्व नाही. शिवाय फोन नीट लावला असेल तर तपासणी दोन्ही बाजूंनी होते. समोरची डबी खरोखर संस्थेचीच आहे का, हे फोनही विचारतो. आपल्या यादीला हा प्रश्न सुचतच नाही. शाळेचेच नाव लावून कोणी दुसरी डबी रस्त्यात ठेवली, तर यादी काय करणार?

कोरे राहिलेले पान

आता दुसऱ्या पानाकडे येऊ. व्हीलॅन म्हणजे आभासी जाळे. तारा तेवढ्याच, डबी एकच, पण तिच्यावर अनेक वेगळी जाळी असल्यासारखी व्यवस्था. १९९८ मध्ये '८०२.१क्यू' हे तिचे मानक प्रसिद्ध झाले. तिची युक्ती साधी आहे. प्रत्येक पाकिटावर ४ बाइटांचा एक शिक्का मारायचा. त्यातील १२ बिटांत जाळ्याचा क्रमांक असतो. १२ बिटांत ४,०९६ क्रमांक होतात. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून ४,०९४ जाळी शक्य होतात. ॲक्सेस पॉइंट वायफायची दोन-तीन नावे जाहीर करतो. 'कार्यालय' या नावाने आलेल्या पाकिटावर १० क्रमांकाचा शिक्का, 'विद्यार्थी' या नावाने आलेल्यावर ३० क्रमांकाचा. पुढचा स्विच शिक्का पाहून पाकीट त्याच जाळ्याच्या तारांत सोडतो. एकाच जिन्याने सगळे येतात, पण प्रत्येकाला आपल्याच मजल्याचे दार उघडते.

हे पान अधिक मोलाचे का? यादी विचारते, 'तुझ्यावर विश्वास आहे का?' व्हीलॅन विचारायला लावते, 'तुला काम काय आहे?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते, आणि ते तपासताही येते. विद्यार्थ्यांच्या टॅबला इंटरनेट हवे, पण ज्या संगणकावर शालार्थमधील पगाराची आणि सरल व यू-डायसमधील मुलांची माहिती भरली जाते, त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कॅमेऱ्यांनी चित्रण करणाऱ्या यंत्राशी बोलावे, बाकी कोणाशी नाही. येथे कोणाच्या प्रामाणिकपणाची चर्चाच नाही. उद्या एखादा टॅब बिघडला, त्यात घातक प्रोग्राम शिरला, तरी नुकसान त्याच्या खोलीपुरते राहते.

भिंत नसली की काय होते याचे उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात 'टार्गेट' या दुकानांच्या कंपनीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते शीतकरण व वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या नाव-पासवर्डाने. कंत्राटदार खराच 'विश्वासू' होता. त्याची किल्ली चोरली गेली होती. पण थंड हवेचे काम पाहणाऱ्याच्या खोलीतून पैसे घेण्याच्या यंत्रांपर्यंत वाट कशी होती? अमेरिकी सिनेटच्या समितीसाठी मार्च २०१४ मध्ये तयार झालेल्या अहवालाने याच मुद्द्यावर बोट ठेवले: कमी महत्त्वाच्या भागातून अधिक महत्त्वाच्या भागात चोरांना जाता आले, यावरून कंपनीने तो भाग पुरेसा वेगळा ठेवला नव्हता असे दिसते.

भिंतीतील भगदाडे

व्हीलॅनची आरती ओवाळणे हा आमचा हेतू नाही. तिच्याही चुका आम्ही पाहिल्या आहेत.

पहिली चूक, नावे दोन पण जाळे एकच. 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' अशी वायफायची दोन नावे लावली म्हणजे जाळी वेगळी झाली, असा समज असतो. प्रत्येक नावाला वेगळा व्हीलॅन क्रमांक दिला नाही, तर दोन फाटकांतून सगळे एकाच अंगणात येतात.

दुसरी चूक, भिंत आहे पण दार सताड उघडे. जाळ्यांमधली ये-जा राउटरवरून होते, आणि पुष्कळ राउटर मनाईचा नियम लिहीपर्यंत सर्व जाळ्यांना एकमेकांशी बोलू देतात. तपासणी सोपी आहे. विद्यार्थ्यांच्या जाळ्यात बसून कार्यालयातील छपाईयंत्र सापडते का, ते पाहा. सापडले तर भिंत कागदावरच आहे.

तिसरी चूक, स्वस्त स्विच. साधा स्विच शिक्का वाचतच नाही. पाकीट आले तसे पुढे ढकलतो. मध्ये असा एक स्विच असला तर वेगळेपणाची खात्री तेथेच संपते.

चौथी चूक, व्हरांड्यातली तार. डबीकडे जाणाऱ्या एकाच तारेतून सगळी जाळी जातात. ती तार काढून कोणी आपला संगणक जोडला, तर त्याच्यासमोर सगळे मजले एकदम उघडू शकतात. त्यासाठी डबी हाताला लागणार नाही इतकी उंच हवी आणि तिचे सेटिंगचे पान फक्त एका वेगळ्या जाळ्यातूनच उघडायला हवे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

पाचवी चूक उत्साहाची. इयत्तावार, विषयवार नावे लावण्याचा मोह होतो. पण डबी प्रत्येक नावाची दवंडी दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे १० वेळा, पिटत असते. समजा दवंडी ३०० बाइटांची आहे आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर, जुन्या यंत्रांना कळावी म्हणून, सेकंदाला १० लाख बिट या संथ गतीने पाठवली जाते. ३०० बाइट म्हणजे २,४०० बिट. एका दवंडीला २.४ मिलिसेकंद. सेकंदाला दहा दवंड्या धरल्या तर २४ मिलिसेकंद, म्हणजे वेळेचा २.४ टक्के भाग एका नावाला. आठ नावे लावली तर जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या दवंडीत गेला. शेजारच्या वर्गातील डबी त्याच चॅनेलवर असेल तर तिच्याही दवंड्या धराव्या लागतील. तीन किंवा चार नावांनी शाळेचे काम भागते. शिक्षकाने गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर द्यावे.

यादीची बाजू

परीक्षण न्याय्य व्हायचे तर यादीच्या बाजूनेही बोलायला हवे. शाळेत कोणती उपकरणे आहेत याची जंत्री म्हणून ती उपयोगी आहे. चुकून जोडला गेलेला फोन ती अडवते. छपाईयंत्राला किंवा कॅमेऱ्याला ठरावीक अंतर्गत पत्ता द्यायचा तर त्याचा मॅक पत्ता लिहून ठेवावाच लागतो. आणि ज्या शाळेत संगणक शिकवणारा शिक्षकच नाही, तेथे तपासणारा वेगळा संगणक कोण चालवणार, हा प्रश्न खरा आहे.

हे सगळे मान्य करून आमचा आक्षेप उरतो, तो नावावर आणि वापरावर. पानाचे नाव 'ओळखीची उपकरणे' किंवा नुसते 'उपकरणांची जंत्री' असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. 'विश्वासू' म्हटले की ते उपकरण आणि त्याचा मालक हे दोघे एक होऊन जातात. काही डब्यांत तर या यादीत आलेल्या उपकरणाला पाहुण्यांवरची बंधनेही लागू होत नाहीत, म्हणजे भिंतीतून आरपार जाण्याचा परवानाच मिळतो. अशा ठिकाणी पहिले पान दुसऱ्या पानाचे काम मोडून टाकते.

कमी खर्चात शाळेला काय करता येईल? कार्यालयाचे संगणक शक्यतो तारेने जोडावेत. शिक्षक, विद्यार्थी आणि कॅमेरे यांची जाळी वेगळी करून मधल्या वाटा बंद कराव्यात. विद्यार्थ्यांच्या जाळ्यात एका फोनला दुसरा फोन दिसणार नाही अशी सोय बहुतेक डब्यांत असते, ती चालू करावी. त्या जाळ्याचा पासवर्ड सत्रागणिक बदलावा. तो फुटला तरी घाबरू नये, कारण त्या खोलीत चोरण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. काही डब्यांत एकाच नावाखाली प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देण्याची सोय असते. ती असेल तर शिक्षकांसाठी जरूर वापरावी. यादी ठेवायची तर जंत्री म्हणून ठेवावी.

आणि एक नियम कागदावर लिहून कार्यालयात लावावा: डबीच्या नोंदवहीतील क्रमांकावरून कोणत्याही विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला दोषी धरले जाणार नाही. चौकशी कोठून सुरू करायची, हे नोंद सुचवू शकते. चौकशी कोठे संपवायची, हे तिला ठरवू देऊ नये. त्या बाईंचा खुलासा आणि दुकानाची पावती अजूनही शाळेच्या फाइलमध्ये आहे. पुढच्या वेळी ज्याच्यावर ठपका येईल, त्याच्याजवळ पावती असेलच असे नाही. तो दहावीतला एखादा मुलगा असेल, तर त्याला खुलासा लिहायलाही कोणी शिकवलेले नसेल.